आधी दार मोजा, मग अर्ज भरा

म्हाताऱ्या माणसाला सरकारकडून काठी मिळते, वॉकर मिळतो, कमोडची खुर्ची मिळते. न्हाणीच्या भिंतीला धरायला दांडा मात्र मिळत नाही. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला आणि त्यानंतर एकेक करून या गोष्टी आमच्या लक्षात येत गेल्या. ज्यांच्या घरी पासष्टी ओलांडलेले माणूस आहे, त्यांना त्या अर्ज भरण्याआधीच कळाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

लोहारा म्हटले की यवतमाळच्या लोकांना एमआयडीसी आठवते. आमचे घर जुन्या वस्तीतले आहे. ओटा उंच, दारे अरुंद, संडास अंगणाच्या टोकाला. मामाजींची उमर जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलण्यात गेली. लकव्याने डावा हात आणि डावा पाय गेला. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजमधून सुटी झाली तेव्हा तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला बाजूला बसवून नीट समजावले. डाव्या हाताची मूठ वळत नाही, तेव्हा दोन्ही हातांनी धरायचा वॉकर यांच्या कामाचा नाही. तीन पायांची काठी घ्या आणि ती चांगल्या हातात, उजव्या हातात द्या. संडासासाठी कमोडची खुर्ची घ्या. बाकी काही घ्यायची घाई करू नका.

आता योजनांबद्दल, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. वयोश्री नावाच्या योजना दोन आहेत. एक केंद्राची, राष्ट्रीय वयोश्री योजना, २०१७ पासूनची. तिच्यात साठीच्या पुढचे, दारिद्र्यरेषेखालचे किंवा महिन्याचे उत्पन्न पंधरा हजारांच्या आत असलेले लोक बसतात. तिच्यात पैसे मिळत नाहीत, वस्तू मिळते. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी शिबिर घेते, आधी तपासणी आणि मोजमाप होते, वाटप नंतर वेगळ्या दिवशी. दुसरी आपल्या राज्याची, मुख्यमंत्री वयोश्री योजना, ६ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने आलेली. तिच्यात वय ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात. सुरुवातीच्या निर्णयात वय ३१ डिसेंबर २०२३ ला पूर्ण झालेले धरले होते. अर्ज देताना कोणती तारीख धरतात ते समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारून घ्या. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, ट्रायपॉड, घडीचा वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर यांपैकी जे लागेल ते त्या पैशातून घ्यायचे. मागच्या तीन वर्षांत सरकारकडून तीच वस्तू घेतलेली नसावी, अशी अट आहे.

तीन वर्षांची ही अट वरवर साधी दिसते, पण चुकीची वस्तू घरात आली की तीच आडवी येते. म्हणून पहिली वस्तू कोणती मागायची, याचा विचार पैशाच्या आधी करायचा.

आमच्या भागात मुख्यमंत्री वयोश्रीचे अर्ज भरून देणारा एक माणूस फिरत होता. अर्जाला फी नसते, तरी तो प्रत्येकाकडून पैसे घ्यायचा, आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या अर्जावर त्याने व्हीलचेअरवर खूण केली होती. मोठी वस्तू मागून ठेवावी, हा त्याचा हिशेब. मामाजींच्या अर्जावरही तीच खूण होती. शेजारच्या काकूंकडे शिबिरातून मिळालेली व्हीलचेअर मी पाहिली होती. गाडी चांगली होती, पण काकूंच्या मधल्या दारातून ती जात नव्हती. ती ओसरीत उभी, आणि काकू भिंत धरून संडासाला जायच्या. मामाजींनी अर्ज ऐकला आणि म्हणाले, "सूनबाई, मले गाडी काहून पाह्यजे? मले संडासातून उठता आलं म्हणजे झालं." अर्ज परत घेतला, फाडला, आणि समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन नवा भरला. आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो आणि उत्पन्नाचे स्वयंघोषणापत्र, एवढेच कागद लागले. अर्ज दिला की पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. ती पोच पुढे फार उपयोगी पडते.

त्या दिवशी घरी येऊन मी टेप घेतला आणि दारे मोजली. साधी व्हीलचेअर बाहेरून बाहेर २४ ते २६ इंच भरते. आमच्या न्हाणीचे दार २२ इंच. ओटा दीड फूट उंच. चाकाच्या खुर्चीला उतार करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी धरतात, म्हणजे आमच्या ओट्याला अठरा फुटांचा उतार लागला असता, आणि दारासमोरचा रस्ताच तेवढा रुंद नाही. हे मोजमाप अर्धा तास खाते. व्हीलचेअर मागणाऱ्या प्रत्येक घराने ते आधी करावे. ज्यांना चालताच येत नाही त्यांना व्हीलचेअर लागणारच, पण मग दाराची चौकट बदलायचा खर्चही त्याच वेळी मनात धरावा लागतो.

पैशाचे वेगळेच झाले. पासबुक दिले एका बँकेचे आणि पैसे गेले दुसऱ्याच खात्यात. मामाजींचे कित्येक वर्षांपूर्वी उघडलेले एक खाते होते, व्यवहार नसल्याने बंद पडल्यासारखे. आधार शेवटचे जोडले गेले होते ते त्याच खात्याला. थेट लाभाचा पैसा पासबुक पाहून जात नाही. आधारला जे खाते शेवटचे जोडलेले असेल त्यात तो जमा होतो. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे' एवढे विचारले की कळते, आणि हे अर्जाआधी विचारायचे. आमच्याकडे ते खाते सुरू करायला केवायसी लागली, केवायसीला बोटांचे ठसे लागले, आणि आयुष्यभर गाठी उचललेल्या बोटांवर ठसे उमटेनात. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटली. बोटे चालत नसतील तर बुबुळांचे यंत्र मागा. काउंटरवरचे लोक ते आपणहून सुचवतीलच असे नाही.

पैसे जमा झाल्यावर ३० दिवसांत खरेदीचे बिल सादर करावे लागते, नाही तर रक्कम वसूल होऊ शकते. त्यामुळे पैसे आल्याचा मेसेज ज्या मोबाइलवर येतो, तो नंबर घरातल्या वाचणाऱ्या माणसाचा असू द्या. दुकानात गेलो तेव्हा एका दुकानदाराने वयोश्रीचे नाव ऐकताच तयार उत्तर दिले: वस्तू बाराशेची घ्या, बिल तीन हजारांचे देतो. कुणाच्या घरी हे चालले असेल तर त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की यात नुकसान आपल्याच माणसाचे आहे. बाराशेची खुर्ची पातळ पाइपची असते आणि सत्तर किलोच्या माणसाखाली तिचे पाय फाकतात. आम्ही दुसऱ्या दुकानातून ट्रायपॉड काठी आणि कमोड खुर्ची घेतली, पक्के बिल घेतले, मामाजींच्या नावाचे, तारीख आणि वस्तूचे नाव स्पष्ट लिहिलेले. दोन्ही मिळून तीन हजारांच्या थोडे वर गेले.

खुर्ची घेताना माणूस सोबत न्या. मामाजींना रिक्षाने नेले आणि दुकानातच बसवून पाहिले. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, गुडघे फार वर येता कामा नयेत, उठताना खुर्ची मागे सरकता कामा नये. चाकांची खुर्ची ओल्या न्हाणीत नको. रबराचे बूट असलेले, उंची कमीजास्त होणारे पाय हवेत. खालचे भांडे काढून ती आपल्या देशी संडासाच्या भांड्यावर ठेवता येते, फक्त चारही पाय सपाट फरशीवर बसतात ना, ते आधी पाहा. काठीची उंची पाहायची तर माणूस सरळ उभा राहून हात खाली सोडतो तेव्हा मूठ मनगटाच्या रेषेपाशी यायला हवी. काठीखालचे रबर झिजते. ते बदलायला वीस-तीस रुपये लागतात, आणि झिजलेल्या रबरावर म्हातारे माणूस ओल्या फरशीवर थेट आडवे होते.

हे सगळे जमत होते तेवढ्यात मामाजी न्हाणीत पडले. नळाला धरून उठायला गेले आणि नळ उपटून हातात आला. हाड मोडले नाही, हे नशीब. पण त्या पडण्याने जी भीती बसली तिने त्यांचे चालणे कितीतरी दिवस थांबवले. काठी आणि खुर्ची येणारच होती, आणि पडले ते अशा जागी जिच्यासाठी कुठल्याच योजनेत ओळ नाही.

नळ आणि टॉवेलची दांडी यांना आधार समजू नका. घरातल्या वृद्धांना तसे स्पष्ट सांगा, कारण घसरताना हात तिथेच जातो. आम्ही गावातल्या मिस्त्रीला बोलावले. सव्वा ते दीड इंच जाडीचा पाइप, भिंतीपासून दोन इंच सुटा, म्हणजे मूठ पुरी वळते. मामाजींना खुर्चीवर बसवून, त्यांचा उजवा हात जिथे आपसूक गेला तिथे खडूने खूण केली आणि दांडा तिथेच बसवला. भाजक्या विटेच्या भिंतीत लांब फास्टनर धरतात. मातीच्या भिंतीत धरत नाहीत. तिथे जमिनीत सिमेंट भरून लोखंडी खांब उभा करा. न्हाणीचा उंबरठा फोडून उतार केला. गुळगुळीत फरशीला टाकी मारून खरबरीत केली. दार आत उघडायचे, ते बाहेर उघडेल असे फिरवले, कारण आत माणूस दाराला लागून पडले तर आत ढकलून दार उघडताच येत नाही. आतली कडी काढून टाकली. अंगणातून संडासापर्यंत रात्रभर जळणारा एक छोटा दिवा लावला. लोखंडी पलंगाच्या पायांखाली विटा दिल्या, तेवढ्याने मामाजी एकटे उठून बसू लागले. मिस्त्रीची मजुरी आणि सामान मिळून खर्च फार नव्हता, पण तो सगळा आमच्या खिशातला.

जपानमध्ये २००० सालापासून वृद्धांच्या देखभालीचा विमा आहे, आणि त्यात घरातल्या बदलांसाठी दोन लाख येनपर्यंतच्या कामाचा बहुतेक खर्च मिळतो. कामे कोणती, तर भिंतीला दांडा, उंबरठा काढणे, घसरणार नाही अशी फरशी, सरकते दार, बसायचा संडास. म्हणजे आमच्या मिस्त्रीने केली तीच. इंग्लंडमध्ये अशा बदलांसाठी ३० हजार पाउंडांपर्यंतचे अनुदान आहे. आपण त्यांच्याएवढे श्रीमंत नाही हे मान्य, पण न्हाणीतला दांडा ही काही श्रीमंतांची वस्तू नाही.

मग आपल्याकडे काय शिल्लक आहे? थोडे आहे, पण ते वेगवेगळ्या दारांत विखुरलेले आहे. लकवा किंवा गुडघ्यांमुळे कायमचे अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरले, तर दिव्यांग प्रमाणपत्र मिळते आणि त्याला वयाची अट नाही. म्हातारपणामुळे आलेले म्हणून पुष्कळ लोक तो अर्जच करत नाहीत. तो करा; यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राची नोंद ऑनलाइन होते आणि तपासणी सरकारी रुग्णालयात. ते कार्ड हातात आले की केंद्राच्या एडिप योजनेतून साधने मिळण्याची वाट खुली होते. शिवाय ग्रामपंचायत असो की नगरपरिषद, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्या निधीतून दांडा आणि उतार करून मिळावा, असा लेखी अर्ज देता येतो. सोबत न्हाणीचे फोटो, मिस्त्रीचे अंदाजपत्रक आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. मंजूर होईलच याची हमी मी देत नाही, पण मागितल्याशिवाय तो विषय बैठकीत येतच नाही.

ज्यांचे घरकुल व्हायचे आहे त्यांनी तर ही संधी सोडूच नये. प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) १ लाख २० हजारांत दार रुंद ठेवायला वेगळे पैसे लागत नाहीत. स्वच्छ भारतच्या १२ हजारांतून संडास बांधताना दार बाहेर उघडते ठेवा आणि भिंतीत दांड्यासाठी जागा पक्की करून घ्या. पुढे फोडायला जास्त लागते.

कुठे अडले तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. योजनांची माहिती मराठीत मिळते.

वाटपाचे शिबिर पुन्हा होईल, मंडप पडेल, पुढारी येतील. त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्यांच्या सह्या आणि अंगठे घेऊन एक निवेदन द्यावे असे आम्ही काही बायकांनी ठरवले आहे. त्यात मागण्या दोनच आहेत. वयोश्रीच्या साधनांच्या यादीत भिंतीचा दांडा आणि तो बसवण्याची मजुरी घालावी. आणि व्हीलचेअर देण्याआधी कोणीतरी घरी येऊन दार मोजावे. आपल्या गावातही कोणी हे करणार असेल तर मजकूर असाच ठेवा. एकाच मागणीची अनेक गावांची निवेदने एका टेबलावर पडली, तर ती बाजूला सारणे अवघड जाते.