निष्क्रिय खाते आणि हरवलेली किल्ली

२०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टीमिट’ या ब्लॉकचेनवर आधारित समाजमाध्यमाने लेखनास व मतदानास आभासी चलनात मोबदला देण्यास प्रारंभ केला. तेथील सदस्याने वावर थांबविला तरी खतावणीतील त्याची शिल्लक कायम राहते. परंतु गुप्त किल्ली हरवल्यास ती त्यालाच काय, वारसालाही काढता येत नाही.

बँकेत २ वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार न केल्यास बचत खाते निष्क्रिय ठरते. १० वर्षांनंतर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. तरीही कागदपत्रांद्वारे ओळख पटवून खातेदार वा वारस आपल्या बँकेकडे ती मागू शकतो.

ग्राहकहो, आपल्या खात्यावरील नामनिर्देशन तपासावे. आभासी खाते असल्यास त्याची किल्ली वारसास सापडेल अशी जपून ठेवावी.