खेळाडूच्या पाठीवरील यंत्र

फुटबॉलचा सामना संपल्यावर खेळाडू सदरा काढतात, तेव्हां आंत छातीपुरतें आंखूड काळें बनियन दिसतें. तें कशासाठीं, असें आमच्या विद्यार्थ्यांनीं अनेकदां विचारलें आहे. एकानें तर तें चिलखत असावें असा तर्क केला! त्या बनियनास पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्यें, लहानसा खिसा असतो व त्यांत आगपेटीहून थोडें मोठें यंत्र असतें.

हें यंत्र आपलें स्थान उपग्रहांवरून ओळखतें. वीज चमकल्यानंतर गडगडाट किती वेळानें आला यावरून ती किती दूर पडली हें आपण अजमावितों, तत्त्व तेंच. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रह संदेश पाठवितो व त्यांत तो निघाल्याची वेळ असते. संदेश प्रकाशाच्या वेगानें येत असल्यामुळें वेळेंत एक दशलक्षांश सेकंदाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरांनीं चुकतें. तीन उपग्रहांवरून स्थान निघालें असतें. परंतु यंत्रांतील घड्याळ उपग्रहावरील घड्याळाइतकें अचूक नसतें, म्हणून चौथा लागतो. स्थानाची नोंद सामान्यतः सेकंदास दहा वेळां होते. धक्के व उड्या मोजणारा दुसरा भाग सेकंदास शंभर वेळां नोंद करतो. २०१५ सालीं फुटबॉलचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें सामन्यांतही अशीं यंत्रें अंगावर बाळगण्यास मोकळीक दिली.

इतक्या नोंदी कशास हव्यात? मुख्य हेतु दुखापत टाळण्याचा. क्रिकेटचें उदाहरण घेऊं. एका जलद गोलंदाजानें तीन आठवडे दर आठवड्यास १२० व चौथ्या आठवड्यांत २४० चेंडू टाकले. चार आठवड्यांची सरासरी १५०. चौथ्या आठवड्याचें तिच्याशीं गुणोत्तर १.६. टिम गॅबेट या ऑस्ट्रेलियन संशोधकानें २०१६ सालीं असें मांडलें कीं, हें गुणोत्तर ०.८ ते १.३ यांच्या दरम्यान असल्यास धोका कमी. पुष्कळ प्रशिक्षकांनीं हा नियम उचलला. पुढें टीकाकारांनीं दोष दाखविला कीं, चालू आठवडा अंशांतही येतो व छेदांतही येतो. आमच्या मनांत आणखी एक शंका येते. पांचव्या आठवड्यांत तोच गोलंदाज पुन्हां १२० चेंडू टाकतो. गणित करून पाहा, उत्तर ०.८ येईल, म्हणजे सर्व ठीक! परंतु तो विश्रांति घेत होता, कीं खांदा दुखत असल्यामुळें त्याला अधिक टाकवेना? हें त्याला विचारल्यावांचून कळणार नाहीं.

कांहीं पालक आतां मुलांच्या मनगटास पावलें मोजणारें घड्याळ बांधतात. त्यांनीं पुढील भाग अवश्य वाचावा. धंदेवाईक खेळाडूचें शरीर हेंच त्याच्या चरितार्थाचें साधन. त्याचा वेग मंदावत चालला आहे हें त्याच्या आधीं क्लबास कळलें, तर नवा करार करतांना तो आंकडा कोणाच्या उपयोगी पडेल? अमेरिकेंतील एन.बी.ए. या बास्केटबॉल संघटनेच्या व तिच्या खेळाडूंच्या २०१७ सालच्या करारांत असें ठरलें कीं, यंत्र घालणें ऐच्छिक असावें व त्यांतील माहिती पगाराच्या बोलण्यांत आणूं नये. नियम मोडणाऱ्या क्लबास अडीच लक्ष डॉलरपर्यंत दंड. फुटबॉलमध्यें फिफा व खेळाडूंची जागतिक संघटना फिफप्रो यांनीं २०२२ सालीं एक सनद काढली. आपली माहिती पाहणें, चूक दुरुस्त करवून घेणें, दिलेली संमति परत घेणें, हे हक्क तींत सांगितले आहेत. सनद म्हणजे कायदा नव्हे. प्रत्यक्षांत खेळाडूच्या हातीं काय राहतें, तें त्याच्या करारावर व त्या त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून असतें.