ओटीपोटातील शेजारी

बेंबीच्या खाली, कमरेच्या हाडांच्या मध्ये ओटीपोट असते. बाईच्या ओटीपोटात तीन अवयव दाटीने राहतात. पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भाची पिशवी आणि मागे शौचाची जागा. पुस्तकात त्यांना मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय म्हणतात. हा धडा आम्ही बाया आणि बाप्ये दोघांसाठी लिहिला आहे. आपल्याच शरीराची ओळख करून घेण्यात लाज कसली?

लघवीची पिशवी

ही पिशवी पुढच्या हाडामागे असते. रिकामी असली की चपटी, भरली की फुगते. तिच्यातून बाहेर येणारी वाट बाईमध्ये फार आखूड असते, सुमारे दीड इंच. त्यामुळे रोगजंतू चटकन वर चढतात आणि लघवीला जळजळ होते. म्हणून शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा. लघवी तुंबवून ठेवू नये. पाणी भरपूर प्यावे.

गर्भाची पिशवी

ही देठ खाली केलेल्या लहान पेरूसारखी दिसते. लांबी सुमारे 3 इंच. तिचे तोंड खाली मायांगात उघडते. पाळीचे रक्त याच वाटेने येते आणि मूलही याच वाटेने जन्मते. पिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजकोश असतात. गर्भ राहिला की पिशवी वाढते, लघवीच्या पिशवीवर रेलते. म्हणून गरोदर बाईला सारखी लघवी लागते. बाळंतपणानंतर पिशवी पूर्ववत व्हायला सुमारे 6 आठवडे लागतात.

शौचाची जागा

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचे शेवटचे टोक. ते माकडहाडाच्या पुढे असते. मायांग आणि गुदाशय यांच्यामध्ये पातळ पडदा असतो. अवघड बाळंतपणात कधीकधी तो फाटतो. तेव्हा तो लगेच नीट शिवून घ्यावा लागतो. नाहीतर शौच आवरत नाही.

खालची झोळी

हे तिघे शेजारी कशावर टेकतात? पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. बाजेची दोरी जशी वापरून सैल पडते, तशी ही झोळीही सैल पडते. पुष्कळ बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, जुना खोकला, शौचाला रोज कुंथणे, ही त्याची कारणे. मग गर्भाची पिशवी खाली सरकते. यालाच आपण ‘अंग बाहेर येणे’ म्हणतो. खोकलताना लघवी सुटते, कंबर ओढल्यासारखी वाटते, शौचाला साफ होत नाही.

कितीतरी बाया हे वर्षानुवर्षे लपवतात. कुणाला सांगायचं, असं त्यांना वाटतं. पण हा काही देवाचा कोप नाही आणि बाईचा दोषही नाही. यावर इलाज आहे. दवाखान्यात आत रिंग बसवतात. गरज पडली तर शस्त्रक्रिया करतात.

झोळी घट्ट करण्यासाठी घरीही व्यायाम करता येतो. वारा रोखून धरताना आवळतो, तसे खालचे स्नायू आवळावेत. 5 अंक मोजावेत आणि सैल सोडावेत. असे 10 वेळा, दिवसातून 3 वेळा करावे. काही महिने नेटाने केले की फरक दिसतो.

बाप्यांनी एवढे करावे. बाळंतिणीच्या डोक्यावर हंडा देऊ नये. पाणी आपण भरावे. बाळंतपण अडले तर वाट न पाहता तिला दवाखान्यात न्यावे. मुलाचे डोके फार वेळ अडून राहिले तर दाबाने लघवीच्या पिशवीला भोक पडते आणि लघवी सतत गळत राहते.

सांगा पाहू

1. ओटीपोटातील तीन शेजारी कोणते?
2. धुताना हात पुढून मागे का न्यावा?
3. झोळी कशाने सैल पडते?
4. तुमच्या घरी बाळंतीण असेल तर कोणती कामे तुम्ही कराल?