घर विकायचंय, पण बेसमेंटबद्दल काय सांगायचं?

न्यू जर्सीत नव्याने आलेल्यांना घर कसं घ्यावं हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. घर कसं विकावं यावर फारसं कोणी बोलत नाही. नोकरी डॅलसला हलते, मुलं मोठी होतात, आई-बाबा राहायला येणार म्हणून तळमजल्यावर खोली लागते, आणि पाच-सात वर्षांतच पहिलं घर विकायला निघतं. मग रात्रीची झोप उडते. बेसमेंटच्या कोपऱ्यात ओल आहे, छप्पर विसाव्या वर्षात आलंय, मागच्या मालकाने खाली बांधलेल्या बाथरूमची परवानगी होती की नाही कोण जाणे. एडिसन, प्लेन्सबरो, ब्रिजवॉटर, पार्सिपनी या भागांतली जी मराठी कुटुंबं यातून गेली आहेत, त्यांचं सांगणं इथे एकत्र केलं आहे. यावर विसंबून वकील टाळू नका. त्याच्याकडे जाताना डोकं शांत असावं, एवढ्यासाठीच हे लिहिलं आहे.

एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत दिसलं. घरमालकाला छळणारा दोष वेगळा असतो आणि खरेदीदाराला अडवणारा वेगळा. लाकडी जमिनीवरचे सोफ्याचे ओरखडे, ओट्याचा उडालेला टवका, मुलांनी भिंतीवर चिकटवलेल्या चांदण्यांचे डाग, यांची आपल्याला लाज वाटते, कारण ते रोज दिसतात. खरेदीदाराचा इन्स्पेक्टर तिकडे ढुंकूनही बघत नाही. तो ब्रेकर पॅनल उघडतो, पोटमाळ्यावर चढून छताच्या फळ्यांवर पाण्याच्या खुणा शोधतो, सम्प पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप सुरू होतो का ते पाहतो. तेव्हा विक्रीआधीचे चार पैसे खर्चायचेच असतील, तर ओरखड्यांआधी पंपावर खर्चा.

आता सांगायचं किती? 1 ऑगस्ट 2024 पासून न्यू जर्सीत राहतं घर विकणाऱ्याला घराच्या स्थितीची माहिती देणारा ठरावीक फॉर्म भरून द्यावा लागतो. छप्पर, बेसमेंटमधलं पाणी, वाळवी, जमिनीत पुरलेली टाकी, परवानगीशिवाय केलेली बांधकामं, सगळं त्यात विचारलेलं असतं. पुराबद्दलचे प्रश्नही त्यात आहेत, आणि 2021 च्या सप्टेंबरात इडा वादळाच्या अवशेषांनी ज्यांची बेसमेंटं भरली, त्यांनी ते लिहिलंच पाहिजे, मग नंतर कितीही सुंदर कार्पेट घातलेलं असो. ‘माहीत नाही’ असंही उत्तर देता येतं, पण ते खरोखर माहीत नसेल तरच. भिंती फोडून दोष शोधत बसण्याची सक्ती तुमच्यावर नाही. जे ठाऊक आहे, ते मात्र दडवता येत नाही. ‘आहे त्या स्थितीत’ विकतो म्हटलं तरी दडवलेल्या दोषातून सुटका नाही, हेही नीट लक्षात घ्या.

हा नियम कागदावर नवा असला तरी त्यामागचा विचार जुना आहे. 1974 साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयासमोर चक्क झुरळांचा खटला आला होता. खरेदीदार दांपत्याने घर पाहिलं तेव्हा दिवे लागलेले होते, सगळं लखलखीत. करार झाल्यावर ते एका संध्याकाळी गेले, दिवा लावला, आणि झुरळांची पळापळ दिसली. विकणाऱ्या बाईंनी हे मुद्दाम लपवलं असेल तर करार मोडता येतो, असं न्यायालयाने मानलं. झुरळं काही घराचा पाया खचवत नाहीत, मारून टाकता येतात. तरीही गप्प बसणं महागात पडू शकतं, हे त्या निकालाने दाखवलं.

आपल्या लोकांची सर्वांत मोठी धास्ती म्हणजे फिनिश्ड बेसमेंट. कुणा ओळखीच्या कंत्राटदाराने स्वस्तात करून दिलेलं, बाथरूमसकट, टाउनशिपला न कळवता. इथे लपवाछपवीला वावच नाही, कारण सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली कोणीही टाउनशिपकडे अर्ज करून तुमच्या घराच्या परमिटची फाइल मागवू शकतो. खरेदीदाराचे वकील ती मागवतातही. म्हणून घर बाजारात आणायच्या दोनेक महिने आधी हाच अर्ज तुम्ही स्वतः करा. परमिट काढलेलं होतं पण शेवटची तपासणी राहून गेली, असं बऱ्याचदा निघतं, आणि ते लवकर मिटतं. परमिटच नसेल तर दोन वाटा उरतात. एक, आता अर्ज करायचा. तपासनीस वायरिंग आणि नळ बघायला ड्रायवॉल काही ठिकाणी उघडायला लावेल, तेवढा वेळ आणि पैसा हाताशी ठेवा. दुसरी, फॉर्मवर स्पष्ट लिहून किंमत त्या हिशेबाने लावायची. ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी पहिली वाट धरली होती, आणि माझं मतही तेच आहे. आणखी एक, खिडकीतून बाहेर पडता येत नसेल तर त्या खोलीला जाहिरातीत बेडरूम म्हणू देऊ नका. एजंट हौसेने तसं लिहितात.

घर जुनं असेल तर तेलाच्या टाकीचा प्रश्न येतो. एके काळी इथे तेलावर घरं तापवत आणि टाकी अंगणात पुरलेली असे. पुढे गॅस आला, टाकी तिथेच राहिली. ती गळली असेल तर मातीची सफाई करावी लागते, खर्च हजारोंत जातो आणि घराचा विमा बऱ्याचदा तो देत नाही. खरेदीदार यंत्र फिरवून टाकी शोधणारच, तेव्हा तुम्हीच आधी शोधून घ्या. काढली असेल तर त्याचे कागद जपून ठेवा. 1978 पूर्वीच्या घराला शिशाच्या रंगाबद्दलचं केंद्रीय कायद्याचं निवेदनही द्यावं लागतं. रेडॉनला मात्र उगाच घाबरू नका. 4 पिकोक्युरी आणि त्यावर आकडा आला तर उपाय करावा असं केंद्रीय पर्यावरण खात्याचं म्हणणं आहे, आणि तो उपाय म्हणजे एक पाइप आणि एक पंखा, एका दिवसाचं काम.

आता फोडणीच्या वासाबद्दल. हे कोणी तोंडावर सांगत नाही, पण घर बघायला आलेले परत जाताना एजंटला सांगतात. आपल्या नाकाला तो येतच नाही, म्हणून शेजारच्या कुणाला तरी आणून खरं विचारा. शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकत नसेल आणि स्वयंपाकघरातच फिरवत असेल, तर तेलकट थर कपाटांच्या वरच्या फळीवर बसलेला असतो. स्टूल घेऊन बोट फिरवा, कळेल. ती फळी आणि पंख्याच्या जाळ्या गरम साबणपाण्याने धुवा, फर्नेसचा फिल्टर बदला. शेगडीमागच्या भिंतीला नुसता रंग दिलात तर हळदीचे पिवळे डाग पुन्हा वर येतात, आधी डाग रोखणारा प्रायमर मारावा लागतो. खोलीखोलीत सुगंधी मेणबत्त्या लावू नका, बघणाऱ्याला काहीतरी लपवताय अशी शंका येते. घर दाखवण्याच्या आठवड्यात तळण बंद, मासे तर बंदच.

दक्षिणेकडे तोंड असलेलं दार हा कायद्याने दोष नाही. भारतीय खरेदीदारांतले काही जण त्यावरून परत जातील, बाकीचे विचारणारही नाहीत.

इन्स्पेक्शनचा रिपोर्ट येतो तेव्हा धीर सुटतो. पानंच्या पानं, प्रत्येक गळक्या नळाचा फोटो. नवं घर असलं तरी रिपोर्ट जाडजूडच असतो. खरेदीदार नापास झालेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकासारखा तो तुमच्यासमोर धरेल, तेव्हा पाया, छप्पर, वीज, पाणी आणि आरोग्याचा धोका एवढीच कलमं वेगळी काढा. ज्या दोषांची तुम्हाला आधीपासून धास्ती होती, त्यांची दोन कंत्राटदारांकडून लेखी अंदाजपत्रकं आणून ठेवा. पायाच्या तड्याला दीड हजार लागतील असा कागद हातात असला की समोरच्याची दहा हजारांची मागणी तिथेच बसते. दुरुस्ती स्वतः करून देण्यापेक्षा क्लोजिंगच्या वेळी रक्कम कमी करून द्यावी, असं जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. तुम्ही बोलावलेल्या प्लंबरचं काम खरेदीदाराला कधीच पसंत पडत नाही. फक्त अशा सवलतीवर खरेदीदाराच्या बँकेची मर्यादा असते, तेवढं वकिलाला विचारून घ्या.

फॉर्म एजंटकडून भरून घेऊ नका. नवरा-बायकोने एका निवांत संध्याकाळी बसून स्वतः भरा, आठवेल ती प्रत्येक दुरुस्ती पावतीसकट लिहा, शंका असेल तिथे सही करण्याआधी वकिलाला फोन करा. सही केलेल्या फॉर्मची एक प्रत घर विकल्यानंतरही टाकू नका. आणि क्लोजिंगची तारीख ठरताच धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज टाका. उशीर कराल तशी त्याची फी वाढते.