'उचल्या' : स्वभाव, परिस्थिती आणि कारणमीमांसा

वर्तनाचे कारण व्यक्तीच्या स्वभावात शोधावे की परिस्थितीत, हा फ्रिट्झ हायडर यांनी १९५८ मध्ये विशद केलेला भेद लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनाच्या आकलनास उपयुक्त ठरतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने चोरी हा काही जमातींचा जन्मजात स्वभाव मानला. १९५२ मध्ये तो रद्द झाला; गावाची व पोलिसांची दृष्टी मात्र बदलली नाही. गायकवाड चोरीमागील उपासमार, नाकारलेले काम आणि पोलिसी जाच यांचे चित्रण करतात. मात्र लक्ष्मणच्या शाळेत जाण्यामुळेच मुले आजारी पडली, असे त्याचे जातभाईही मानतात. पूर्वग्रहातून कारण ठरविण्याची ही प्रवृत्ती पीडितांतही दाखविल्यामुळे हे आत्मकथन केवळ तक्रारीच्या पातळीवर राहत नाही.