दोन ऑक्टोबर : चौघांची आठवण



2 ऑक्टोबरला देशभर राष्ट्रीय सुट्टी असते. गावात झाडलोट होते, शाळेत फोटोला हार घालतात, ग्रामसभेची दवंडी येते. फोटो दोन असतात. एक महात्मा गांधींचा, जन्म 1869. दुसरा लालबहादूर शास्त्रींचा, जन्म 1904. दोघांची जयंती एकाच दिवशी येते.

पण या दोघांच्या संसाराचा गाडा ओढणाऱ्या दोघी त्या फोटोत नसतात. कस्तुरबा आणि ललितादेवी. त्यांच्याबद्दल आपण एवढंच बोलतो, "नवऱ्याला साथ दिली हो!" आता साथ दिली म्हणजे नेमकं काय केलं? गटात आपण रुपया-रुपयाचा हिशेब लिहितो. चला, आज या साथीचाही लिहू.

पहिली गोष्ट : सोन्याचा हार

1901 साली गांधीजी कुटुंबासह दक्षिण आफ्रिकेतून भारतात यायला निघाले. तिथल्या हिंदी लोकांनी निरोपाच्या वेळी भारी भारी भेटी दिल्या. त्यात 50 गिनी किमतीचा एक सोन्याचा हार खास कस्तुरबांसाठी होता. गांधीजींना रात्रभर झोप लागली नाही. लोकसेवेचा मोबदला घ्यायचा नाही, सगळं लोकांच्या कामासाठी विश्वस्तांकडे द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. मुलं लगेच तयार झाली. कस्तुरबा मात्र अडून बसल्या. सुना येतील, त्यांना दागिने लागतील, आणि हा हार तर मला दिलाय, असं त्यांचं म्हणणं.

गांधीजींनी विचारलं, हार तुझ्या सेवेबद्दल मिळाला की माझ्या? त्यावर कस्तुरबांनी सुनावलं, की तुमची सेवा ती माझीही सेवाच झाली. तुमच्यासाठी मी रात्रंदिवस राबले, येईल त्या-जाईल त्याचं केलं, ती सेवा नव्हे का?

हे बोल आपल्याला लागले, असं खुद्द गांधीजींनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. तरी हार गेलाच. पुढे कस्तुरबांनाही ते पटलं, असंही ते लिहितात. पण बाईचा प्रश्न खरा होता, नाही का?

याच कस्तुरबा 1913 मध्ये स्वतः तुरुंगात गेल्या. ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं दक्षिण आफ्रिकेतल्या न्यायालयाने कायदेशीर मानली नाहीत. म्हणजे आपल्या बायकांचं लग्नच खोटं ठरलं! त्या सत्याग्रहाच्या पहिल्याच तुकडीत कस्तुरबा होत्या. तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. पुढे 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असतानाच त्या वारल्या. त्यांची समाधी तिथेच आहे.

दुसरी गोष्ट : दहा रुपये

1928 मध्ये ललितादेवींचं शास्त्रींशी लग्न झालं. हुंडा म्हणून शास्त्रींनी घेतलं काय, तर चरखा आणि काही वार खादी. पुढे शास्त्रींना वारंवार तुरुंगवास झाला. त्या काळातली एक गोष्ट सांगतात. ते ज्या संस्थेचं काम करायचे, ती घरखर्चाला महिना 50 रुपये द्यायची. शास्त्रींनी तुरुंगातून विचारलं, भागतं का? ललितादेवींनी कळवलं, 40 मध्ये भागतं, 10 शिल्लक टाकते. झालं! शास्त्रींनी संस्थेला लिहिलं, माझ्या घरी 40 पुरतात, 10 कमी करा.

शास्त्रींचा साधेपणा मोठाच. पण पोटाला चिमटा घेऊन ते दहा रुपये वाचवले कोणी? आजारपणाला, अडीअडचणीला ते लागले असते, तर आणायचे कुठून? आपल्यातली बचत करणारी प्रत्येक बाई हे जाणते.

तिसरी गोष्ट : गाडीचं कर्ज

1964 मध्ये शास्त्री पंतप्रधान झाले. घरच्यांच्या आग्रहावरून फियाट गाडी घ्यायचं ठरलं. किंमत 12,000 रुपये, खात्यात 7,000. बाकीचे 5,000 बँकेकडून कर्ज काढले. 11 जानेवारी 1966 ला ताश्कंदमध्ये शास्त्रींचं निधन झालं. कर्ज राहिलं. ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडलं, असं त्यांच्या मुलाने सांगितलंय.

आपण काय शिकायचं?

कर्जाच्या अर्जावर 'व्यवसाय' लिहायची वेळ आली, की आपल्यातल्या कितीतरी जणी म्हणतात, "काही नाही, घरीच असते." पहाटे शेण काढतो, धार काढतो, खुरपायला जातो, भाकऱ्या थापतो, तरी 'काही नाही'! कस्तुरबांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सांगितलं, की हेही कामच आहे. आपण आधी स्वतः ते मानायला पाहिजे.

दुसरं, वाचवलेल्या पैशाचं काय करायचं, हे वाचवणारीला विचारूनच ठरावं. दान करायचं असेल तरीसुद्धा.

तिसरं, कर्ज कुणाच्याही नावावर असो, फेडायची पाळी बाईवर येऊ शकते. म्हणून सही करताना रक्कम, व्याज, हप्ता आणि पैसा कशाला जाणार, हे चारही माहीत हवं.

बैठकीत चर्चा करा

1. कस्तुरबांच्या जागी तुम्ही असता तर हार दिला असता का? का?
2. ललितादेवींच्या दहा रुपयांवर हक्क कोणाचा?
3. तुमच्या नावावरच्या कर्जाचा पैसा कोणत्या कामाला गेला? हप्ता कोण भरतं?

या महिन्यात एवढं करा

- पहाटेपासून रात्रीपर्यंत केलेलं काम एक दिवस वहीत लिहा. घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा.
- घराच्या नमुना 8 च्या उताऱ्यावर तुमचं नाव आहे का, बघा. नसेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा.
- ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. आपल्या गावात ती कधी आहे, ते विचारा आणि सगळ्या मिळून जा.

आणि हो, यंदा 2 ऑक्टोबरला दोन फोटोंशेजारी आणखी दोन ठेवा. लेकरं विचारतील, "या कोण?" तेव्हा नुसतं 'त्यांच्या बायका' म्हणू नका. हाराची, दहा रुपयांची आणि फेडलेल्या कर्जाची गोष्ट सांगा.