पुढच्या चाकांची गाडी बांधताना

किट आणलंस, तेही टॅमियाच्या एम-०५ चॅसीवरची मिनी कूपर. छान केलंस पोरी. आता पुड्या फोडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. या गाडीत सगळी कामं पुढची दोन चाकं करतात. गाडी ओढतात तीच, वळवतात तीच आणि ब्रेक दाबलास की थांबवतातही तीच. रिमोटच्या अशा गाडीत ब्रेक म्हणजे मोटरनेच घातलेली आडकाठी, आणि मोटर जोडलेली असते फक्त पुढच्या चाकांना. मागची चाकं नुसती मागून येतात. म्हणून बांधताना पुढच्या भागाचं पान आलं की घाई करायची नाही. मागचा भाग रात्री झोप येत असताना जोडलास तरी चालेल, पुढचा सकाळी ताज्या डोळ्यांनी जोड.

खऱ्या मिनीचंही वैशिष्ट्य हेच. अ‍ॅलेक इसिगोनिसने १९५९ साली आणलेल्या या गाडीत इंजिन आडवं बसवलं होतं आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली. ताकद पुढच्या चाकांना, चाकं अवघी दहा इंची. हीच गाडी १९६४, १९६५ आणि १९६७ ला माँटे कार्लो रॅली जिंकली. आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी मागच्या चाकांवर चालायची. १९८३ ला मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढलेली छोटी गाडी घरोघरी माहीत झाली. मिनीच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर २०३६ मिलिमीटर. एम-०५ चॅसी २१०, २२५ किंवा २३९ मिलिमीटर अशा तीन लांबींत जोडता येते आणि मिनीला २१० ची लागते. दहा पटींचा हिशेब किती जवळ येतो बघ. चॅसीचे तुकडे जोडताना मापाचं हे चित्र दोनदा तपास, चुकून मधली लांबी जोडलीस तर बॉडी बसणार नाही.

हत्यारांत पैसे घालायचे तर पहिले स्क्रू-ड्रायव्हरमध्ये घाल. जपानी किटमधल्या स्क्रूंच्या डोक्यावरची अधिकची खाच आपल्या दुकानांत मिळणाऱ्या साध्या फिलिप्सपेक्षा जरा वेगळी असते. साधा ड्रायव्हर तिच्यात पूर्ण उतरत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस मापाचा ड्रायव्हर माग. बाकी पक्कड, धारदार कटर, चिमटा आणि व्हर्नियर एवढं पुरे. स्क्रूंच्या पुड्या एकदम फोडू नकोस. पुस्तिकेत ज्या पायरीला जी पुडी सांगितली आहे तेवढीच फोड आणि इडलीपात्राच्या ताटलीत एकेका खळग्यात एकेक माप ठेव. पुस्तिकेत प्रत्येक स्क्रू खऱ्या मापात छापलेला असतो. शंका आली की स्क्रू चित्रावर आडवा ठेवून बघ. आठ आणि दहा मिलिमीटरमधला फरक नुसत्या नजरेला फसवतो, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन कशाला तरी घासत बसतो.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू घालायची रीत नीट ऐक. पहिल्यांदा स्क्रू स्वतःच आटे पाडत आत जातो, तेव्हा सरळ धर आणि थोडा थोडा आत घे. पुन्हा कधी काढून घालताना मात्र आधी उलटा फिरव. हलकासा ‘टक’ हाताला लागतो, म्हणजे जुना आटा सापडला. तिथून पुढे सरळ फिरव. असं केलंस तर तेच भोक वर्षानुवर्षं टिकतं. डोकं टेकलं की थांबायचं, त्यानंतरचा अर्धा फेराही नको. थ्रेडलॉक फक्त धातूत धातू जातो तिथे, प्लॅस्टिकला लावलंस तर ते ठिसूळ होऊन तडकतं.

आता गिअरबॉक्स. सगळा जीव इथे ओत. किटमध्ये आसांसाठी प्लॅस्टिकचे बुश येतात. ते बाजूला ठेव आणि सुरुवातीपासून बॉल बेअरिंग घाल. पुढे कधीतरी बदलू असं म्हणशील, पण गिअरबॉक्स उघडायला गाडीचं अख्खं नाक खोलावं लागतं. मोठं बेअरिंग बाहेरून अकरा आणि आतून पाच मिलिमीटरचं असतं, दुकानदार त्याला ११५० म्हणतात.

डिफरन्शियलमध्ये चिमुकले बेव्हल गिअर आहेत. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या बाजूला जातो, आतलं पुढचं चाक हलकं होतं आणि मोटरची सगळी ताकद त्या रिकाम्या चाकातून वाया जाते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीलाही हा त्रास असतो, पण इथे तेच चाक गाडी वळवायचंही काम करत असतं, त्यामुळे वळण दुहेरी बिघडतं. उपाय जुना आणि स्वस्त आहे: डिफमध्ये घट्ट, चिकट अँटी-वेअर ग्रीस भर. जोडून झालं की दोन्ही बाजूंचे दांडे दोन हातांत धर आणि उलटसुलट फिरव. संथ, एकसारखा विरोध लागला पाहिजे; खडखड लागली तर उघड, कुठलातरी गिअर तिरका बसला आहे. बाहेरच्या मोठ्या गिअरना मात्र हे चिकट ग्रीस नको. तिथे किटमधलं पातळ ग्रीस दातांवर जेमतेम चमक येईल एवढंच लाव. मोटर लावण्याआधी सगळी माळ बोटाने फिरवून बघ. एका फेऱ्यात एकाच ठिकाणी अडकत असेल तर बहुतेक एखाद्या दातावर साच्यातलं प्लॅस्टिक राहिलेलं असतं, कटरच्या टोकाने ते साफ कर. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे. तिथे धातूत धातू आहे, थ्रेडलॉकचा एक थेंब द्यायला हरकत नाही.

चाकं वळवणाऱ्या सर्व्होबद्दल सांगतो ते विसरू नकोस. हॉर्न बसवण्याआधी रिमोट, रिसीव्हर आणि बॅटरी जोड, ट्रिम शून्यावर आण, सर्व्हो स्वतः मध्यावर येऊ दे आणि मगच सर्व्हो सेव्हर सरळ उभा बसव. टाय रॉडची लांबी पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिली आहे, ती व्हर्नियरने मोज, अंदाज नको. बॉलवर बसणारे सांधे घट्ट वाटले तर पक्कडीने हलकेच दाबून मोकळे कर. चाक हातात धरून सोडलं की सांधा आपल्या वजनाने खाली यायला हवा. पुढच्या चाकांना डंबेलसारखे साधे दांडे असतील तर पूर्ण वळवल्यावर ते थरथरतात आणि स्टिअरिंग हिसके देतं. पहिली कुठली सुधारणा करायची असेल तर तिथे युनिव्हर्सल शाफ्ट टाक. रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे भाग दिसायला देखणे असतात, पण ते थांबू शकतात.

टायर रिमवर चढवण्याआधी रिमची कड स्पिरिटने पूस, नाहीतर फेव्हिक्विक धरत नाही. अंगठ्याने टायर किंचित मागे ओढून थेंब सोड, तो आपोआप आत पसरतो. पुढे मऊ, जास्त पकडीचे टायर आणि मागे जरा कडक, हे सूत्र ठेव. सगळीकडे मऊ लावलेस तर मागची बाजू अडून बसते आणि गाडी वळणाबाहेर जाते. पुढचे टायर मागच्यांपेक्षा फार लवकर झिजतात, तेव्हा ते जोडीने जास्तीचे आण.

बॉडी पॉलिकार्बोनेटची आहे, आतून रंगवायची. त्यासाठी टॅमियाचे पीएस मालिकेचे स्प्रे घे. टीएस स्प्रे कडक प्लॅस्टिकच्या मॉडेलसाठी असतात, ते इथे पापुद्र्यासारखे निघतील. भांड्यांच्या साबणाने आतून धू, वाळव आणि मग आतल्या बाजूला हात लावू नकोस. तुला १९६४ च्या विजेत्या गाडीसारखी लाल बॉडी आणि पांढरं छप्पर हवं आहे ना? तर काचा आणि छप्पर दोन्ही टेपने झाक, आधी लाल मार. पातळ थर, दोन थरांत वाळायला वेळ. मग छपराची टेप काढ आणि पांढरा आतून सगळीकडे मार. छप्पर पांढरं होतं आणि लालच्या पाठीमागे पांढरा आल्याने लाल उठून दिसतो. उलट क्रमाने केलंस तर पांढऱ्यातून लालची छटा डोकावेल. बाहेरची संरक्षक फिल्म अगदी शेवटी काढ. चाकांच्या कमानी वाकड्या कात्रीने काप.

चालवताना आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. हा क्रम मोडलास तर रिसीव्हर काहीतरी ऐकतो आणि गाडी भिंतीकडे सुटते. पहिल्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी गाड्या नसताना दोन विटा ठेव आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. वळणाआधी थ्रॉटल थोडा सोड, नाक वळू दे, आणि ते बाहेरच्या दिशेला लागलं की हळूहळू दाब. पूर्ण स्टिअरिंग आणि पूर्ण थ्रॉटल एकदम दिलंस तर पुढचे टायर दोन्ही कामांत नापास होतात आणि गाडी सरळ जाते. घाबरून वळणाच्या मध्येच थ्रॉटल झटकन सोडलास तर भार पुढे येतो, शेपूट हलकी होते आणि गाडी गिरकी घेते. शेपूट सुटायला लागली की थोडा थ्रॉटल दे, पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. पद्मिनीवर शिकलेल्या माझ्यासारख्याच्या हाताला हे उलटं वाटतं, तुला कोऱ्या हाताने लवकर जमेल.

मुरमाच्या मैदानात नेऊ नकोस, खडे गिअरबॉक्सजवळ शिरतात. घरी आलीस की रंगाच्या कोरड्या ब्रशने पुढचा भाग झाड, पाणी नको. मोटरला बोट लाव. बोट ठेववत नसेल तर पुढची बॅटरी लावायची घाई करू नकोस. ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी सुरुवातीला बरी. लिपो घेणार असशील तर गोल कडांची बघ, कारण या चॅसीच्या खाचेत चौकोनी कोपऱ्यांची बसत नाही. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीला लिपो कट-ऑफ आहे याची खात्री कर, चार्जिंगच्या वेळी समोर बस, आणि आठवडाभर गाडी काढणार नसशील तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून बॅटरी गाडीतून काढून गार जागी ठेव.